चारशे पानं संगीत, पण सूर एकही ऐकू आला नाही!

अंतरा

काल रात्री एक कादंबरी संपवली. नाव मुद्दाम देत नाही, कारण राग त्या एकाच पुस्तकावर काढायचा नाहीये. गोष्ट थोडक्यात अशी: ती व्हायोलिन वाजवते, तो पियानो. प्रेम जमतं. पान १४० वर तो अपघातात जातो. ती व्हायोलिन पेटीत बंद करते, तीन वर्षं हात लावत नाही. शेवटच्या प्रकरणात भरगच्च सभागृहात पुन्हा वाजवते, लोक उभे राहतात, पडदा.

मी रडले का? रडले. खोटं कशाला बोलू. दीड वाजता नाक पुसत झोपले.

सकाळी दात घासताना मात्र प्रश्न पडला की ही बाई शेवटी वाजवते तरी काय? पुन्हा पान काढलं. 'तिच्या बोटांतून वेदना झरू लागली.' 'सूर काळजाला भिडले.' 'सारं सभागृह सुरांत न्हाऊन निघालं.' कुठली रचना ते नाही, लय नाही, एखादी अवघड जागा नाही. संगीताच्या जागी भरतकाम घातलं असतं तरी कादंबरीचं काही बिघडलं नसतं.

तर सांगा, प्रेमकथेत संगीत खरंच काही काम करतं का, की नुसतं मागे वाजत असतं? वाचताना सूर ऐकू आलाय असं तुमचं कधी झालंय? आणि माणूस गेल्याचं दुःख संगीतानं हलकं होतं हे खरं, की ही लेखकांची सोय?

टिवल्याबावल्या

'तिने सुई उचलली आणि सभागृह स्तब्ध झालं. साखळी टाक्याला पहिला हुंदका आला, गाठीच्या टाक्याला दुसरा.' कादंबरी कधी येतेय? प्रस्तावना मी लिहितो.

कट्टर_वाचक

पण रडलात ना? मग पुस्तकानं त्याचं काम केलं. दीड वाजेपर्यंत जागवलंन आणि सकाळी तुम्ही त्याची झडती घेताय, हा कृतघ्नपणा झाला :) प्रेमकथा वाचणाऱ्याला रचनेचं नाव नको असतं, ती पुन्हा वाजवते एवढंच हवं असतं.

गजवाली

@कट्टर_वाचक, ती पुन्हा कशी वाजवते हे हवं असतं हो! मी वीसेक वर्षं व्हायोलिन वाजवतेय (हौशी आहे, कुणी कार्यक्रमाला बोलावू नये). बंद पेटी उघडली आणि वाजवायला लागली, हे वाचलं की माझं डोकंच फिरतं.

तीन वर्षं बंद असलेली पेटी उघडल्यावर काय दिसतं सांगू? तारा उतरलेल्या. खुंट्या एक तर सैल नाहीतर इतक्या घट्ट की फिरवताना वाटावं मोडतेय. ब्रिज (तारा टेकतात ती घोडी) कललेला, नशीब फारच वाईट असेल तर पडलेला. आणि गज! बंद, अंधाऱ्या पेटीत बारीक किडे होतात, ते गजाचे केस कुरतडतात. माझं एकदा झालंय. दोनच वर्षं पेटी उघडली नव्हती (कारण खाजगी). उघडली तर गजाचे अर्धे केस तुटून बाजूला लोंबत होते, कुणाची वेणी अर्धी सुटल्यासारखे. मी जमिनीवर बसले आणि पाच मिनिटं नुसती बघत राहिले. रडू आलं ते तिथे. वाजवताना नाही आलं, कारण वाजवायला गजच नव्हता.

मग नवे केस बसवून आणा, राळ घासा, तारा लावा. डाव्या हाताच्या बोटांचे घट्टे गेलेले असतात, दहा मिनिटांत टोकं हुळहुळायला लागतात. हे सगळं सोडून लेखक थेट टाळ्यांवर जातो. अहो, दुःख त्या मधल्या पंधरा दिवसांत आहे!

ता.क. 'तिचे अश्रू तारांवर ओघळले' असंही एका पुस्तकात वाचलंय. ओल्या तारेवर गज नीट धरत नाही. नाक पुसा आणि मग वाजवा.

मंद्रसप्तक

गजवालीताई, +१००. आता आमच्याकडची व्यथा ऐका. एका कथेत नायक 'मारव्याचा आर्त पंचम' लावतो आणि नायिका कोसळते. मीही कोसळलो. मारव्यात पंचम नाहीच! षड्जसुद्धा जपून, कमी वापरतात, म्हणून तर तो राग असा घर सोडून आल्यासारखा अधांतरी वाटतो. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवतावर रेंगाळायचं आणि सा ला टाळत राहायचं. जिथं परतायचं तिथंच जाता येत नाही. विरहाच्या कादंबरीला याहून चांगली गोष्ट आयती कुठे मिळणार होती? तर ह्यांनी पंचम लावला.

दुसरे एक लेखक तानपुऱ्यावर 'धून' वाजवतात. काय बोलणार.

टिवल्याबावल्या

आर्त पंचम वाजला तेव्हा ती कोसळली म्हणजे तिला राग कळत होता. हेच तर प्रेम.

वाचनवेडा

थोडा विरोध नोंदवतो. रचनेचं नाव घालून ज्याला ती ठाऊक नाही त्याला काय मिळणार? 'तिने अमुक सोनाटाचा दुसरा भाग वाजवला' हे वाचून मला शून्य ऐकू येतं. उलट आपण अडाणी आहोत असं वाटून पान उलटतो.

मार्सेल प्रूस्तनं यावर छान तोड काढली होती. त्याच्या महाकादंबरीच्या पहिल्या खंडात (१९१३) स्वान नावाचा गृहस्थ एका सोनाटातल्या छोट्याशा स्वरावलीच्या प्रेमात पडतो, मग ती स्वरावली त्याच्या आणि त्याच्या प्रेयसीच्या प्रेमाची खूण होऊन बसते. संगीतकार सपशेल काल्पनिक! म्हणजे तुम्हाला ती आधी ऐकलेली असण्याची सोयच नाही. सगळे वाचक सारखेच बहिरे. पुढे प्रेम आटतं आणि एका मैफलीत ध्यानीमनी नसताना तीच स्वरावली येते, तेव्हा तो माणूस कसा हादरतो ते वाचावं. सूर कसा होता हे मला आजही सांगता येणार नाही, पण तो परत आला तेव्हा मी ओळखला. कादंबरीत संगीताला एवढं जमलं तरी खूप झालं. पहिल्यांदा वाजतं ते नुसतं पेरायचं. ऐकू येतं ते दुसऱ्यांदा.

अंतरा

@वाचनवेडा, शेवटची दोन वाक्यं वहीत उतरवून घेतली. माझ्या कादंबरीत पहिल्यांदा वाजलेलंच नाहीये

अंतरा

म्हणजे, मी वाचलेल्या कादंबरीत.

निषाद

संगीतातून पुस्तक आणि पुस्तकातून पुन्हा संगीत, असाही एक मजेदार प्रवास आहे. बेथोव्हेनचा व्हायोलिन सोनाटा क्रमांक ९. १८०३ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजवला तो ब्रिजटॉवर नावाच्या व्हायोलिनवादकानं, पियानोवर स्वतः बेथोव्हेन. अर्पणही त्यालाच करायचा होता. मग दोघांचं बिनसलं (म्हणे एका स्त्रीवरून) आणि अर्पणपत्रिकेवर नाव आलं दुसऱ्या एका व्हायोलिनवादकाचं, क्रॉयत्झरचं. या क्रॉयत्झरनं तो जाहीरपणे कधी वाजवलाच नाही. पुढे १८८९ मध्ये तोल्स्तोयनं 'क्रॉयत्झर सोनाटा' याच नावाची लघुकादंबरी लिहिली. त्यात बायको पियानोवर, परका माणूस व्हायोलिनवर, दोघं मिळून हा सोनाटा वाजवतात आणि नवरा मत्सरानं वेडा होतो. संगीताची ताकद म्हणजे नेहमी मलमच असते असं नाही, तिथे ती काडेपेटी आहे.

ती लघुकादंबरी वाचून यानाचेक या चेक संगीतकारानं १९२३ मध्ये स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) लिहिलं. हा माणूस तेव्हा साठीच्या पलीकडे आणि आपल्याहून ३७-३८ वर्षांनी लहान, विवाहित कामिलाच्या प्रेमात. सातशेच्या वर पत्रं लिहिली तिला. ती बरीचशी अलिप्तच होती म्हणतात. १९२८ मध्ये त्यानं दुसरं क्वार्टेट लिहिलं आणि त्याला नावच 'अंतरंगीची पत्रं' अशा अर्थाचं दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला, जाहीर पहिला प्रयोग त्यानंतर झाला.

टिवल्याबावल्या

सातशे पत्रं! इथे निळ्या खुणा दिसूनही चार दिवस उत्तर नाही आलं तर माणसं नंबर उडवतात.

काळी_चार

निषाद, अशा गोष्टी निघाल्याच आहेत तर पियानोवादक क्लारा शूमानला कसं विसरता? संगीतकार रॉबर्टशी लग्न करायला वडिलांचा इतका विरोध की प्रकरण कोर्टात गेलं. १८४० च्या सप्टेंबरात लग्न झालं, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. त्या एका वर्षात रॉबर्टनं शंभरावर गाणी लिहिली. १८५४ मध्ये त्यानं ऱ्हाइन नदीत उडी घेतली, वाचला, मग मनोरुग्णालय. डॉक्टरांनी क्लाराला दोन वर्षांहून जास्त काळ त्याला भेटू दिलं नाही. भेटली ती तो जाण्याच्या दोन दिवस आधी.

पण मला सांगायचंय ते पुढचं. तिची कादंबरी लिहिणारे बहुधा १८५६ ला, रॉबर्ट गेला तिथे थांबतात, नाहीतर लगेच तिच्या जवळच्या मित्राकडे, संगीतकार ब्राम्सकडे वळतात. ती त्यानंतर चाळीस वर्षं जगली. पदरात सात मुलं. ती कार्यक्रम करत फिरली, कारण घर त्यावर चालत होतं. रॉबर्टच्या रचना लोकांपुढे वाजवत राहिली, ब्राम्सच्या मदतीनं त्याच्या समग्र रचनांचं संपादन केलं. स्वतः रचना करणं मात्र जवळजवळ थांबलं. संगीतानं तिला 'सावरलं' असं म्हणवत नाही मला. संगीत तिची नोकरी होती, तिचा संसार होता आणि नवऱ्याची राहिलेली कामंही होती. कादंबऱ्यांत संगीत म्हणजे नेहमी फुंकर. रोज सकाळी उठून करायचं काम कुणी दाखवतच नाही.

कट्टर_वाचक

काळी_चार, पण ब्राम्सचा धागा सोडून द्यायचा? वाचकांवर अन्याय आहे.

काळी_चार

सोडू नका, पण भरूही नका. त्या दोघांनी आपली बरीच पत्रं ठरवून नष्ट केली. त्यांना जे झाकायचं होतं ते झाकलेलं असू दे की. १८९३ मध्ये त्यानं पियानोसाठी सहा छोट्या रचना तिला अर्पण केल्या, तेव्हा तो साठीचा, ती सत्तरी ओलांडलेली. त्यातली दुसरी ऐका आणि मला सांगा अजून काही कळायचं राहिलं का.

जिज्ञासू_कीटक

भावनांच्या धाग्यावर विज्ञान आणल्याबद्दल आधीच क्षमा. वाचनवेडा म्हणाले 'ऐकू येतं ते दुसऱ्यांदा', त्याला आधार आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांचं २०११ मधलं काम आहे. आवडतं संगीत ऐकताना अंगावर शहारा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामिन (सुखाशी जोडलेलं रसायन) स्रवतं, हे तर दिसलंच. पण त्याच्या काही सेकंद आधी, 'आता ती जागा येणार' या नुसत्या वाट पाहण्यातही स्रवतं, आणि ते मेंदूच्या वेगळ्या भागात. म्हणजे आनंदाचा एक हिस्सा जागा यायच्या आधीचा असतो. (हे प्रयोग हमखास शहारे येणाऱ्या लोकांवरच केले होते, तेव्हा सगळ्यांना सरसकट लावू नये.)

लेखकासाठी अर्थ असा की वाचकाला आधी वाट पाहायला लावा. जी जागा यायची वाट कुणी पाहत नव्हतं, ती आली काय न आली काय.

सूरहीन

सगळ्यांना सरसकट लावू नये, या वाक्याबद्दल आभार. मी तो अपवाद. संगीतानं मला काहीही होत नाही. ऐकू व्यवस्थित येतं, चाल ओळखतो, पण शहारा वगैरे कधीच नाही. लोक डोळे मिटून माना हलवतात तेव्हा मी छताचे पंखे मोजतो. बरीच वर्षं मला वाटायचं की सगळे नाटक करताहेत. मग कळलं की अशी माणसं असतात, बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ते दाखवूनही दिलंय. बाकी सुखं त्यांना बरोबर जाणवतात, फक्त संगीताचं बटण नाही.

आणि आमचं नशीब असं की बायको गाते. चांगली गाते म्हणतात. मी तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असतो. गाणं नाही बघत, तिला बघतो. वरच्या सुराला जायच्या जरा आधी ती डाव्या हाताचा अंगठा बोटांत धरते. अंगठा मुठीत गेला की मला कळतं, आता काहीतरी मोठं येणार, लोक वाहवा करणार. मीही करतो. दोन क्षण आधीच करतो. तिच्या मैत्रिणींना वाटतं याला काय कान आहे!

गजवाली

@सूरहीन, अंतराताईंनी मागितलेली प्रेमकथा हीच. बाकी सगळ्यांनी घरी जा.

मंद्रसप्तक

दोन क्षण आधी दाद! अहो, मोठमोठ्या जाणकारांना ते जमत नाही.

पानगळ

धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं. अंतराचा तिसरा प्रश्न होता, दुःख हलकं होतं का. माझे मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली.

ते गाणारे वगैरे नव्हते. एकच जुनं गाणं गुणगुणायचे, दाढी करताना, कुलूप लावताना. आणि त्यातल्या अंतऱ्याची दुसरी ओळ कायम चुकायची. वर जायचं तिथे हे खाली यायचे. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी दुरुस्त केलं, मग नाद सोडला.

ते गेल्यावर वर्षभर मी ते गाणं कुठे लागलं की उठून जायची. सगळ्यांना वाटायचं आठवण येते म्हणून सहन होत नाही. तसं नव्हतं. मूळ गाण्यात ती ओळ बरोबर असते ना, वर जाते. ती वर गेली की मला चूक ऐकू यायची. त्या गायिकेनं चूक केली असं वाटायचं. बरोबर गाणं आता कुठेच नाही, ते फक्त ह्यांच्याकडे होतं.

हलकं झालं का? नाही. पण मागच्या वर्षी माझ्या लेकीला कुलूप लावताना ऐकलं. तीही खालीच आली. तिला माहीतही नाही मूळ चाल वेगळी आहे ते. मी सांगितलेलं नाही.

अंतरा

पानगळताई, काय लिहू कळत नाहीये.

वाचनवेडा

मी प्रूस्त मागे घेतो.

टिवल्याबावल्या

आज विनोद नाही. ताई, नमस्कार.

निषाद

पानगळताईंचं वाचून एक आठवलं. क्लाइव्ह वेअरिंग हे ब्रिटिश संगीतज्ञ, गायक आणि वृंदाचे संचालक. १९८५ मध्ये त्यांना मेंदूचा संसर्ग झाला आणि स्मरणशक्ती अशी गेली की काही सेकंदांपलीकडचं काही टिकेना. वहीत लिहायचे, 'आत्ता मी पहिल्यांदा जागा झालो', मग ती ओळ खोडून खाली पुन्हा तेच. पण पियानोपुढे बसवलं की रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायचे. आणि बायको खोलीत आली की, मग ती पाच मिनिटांपूर्वीच बाहेर गेलेली का असेना, वर्षांनी भेटल्यासारखे मिठी मारायचे. बाकी सगळं पुसलं, दोन गोष्टी राहिल्या. ती मध्यंतरी घटस्फोट घेऊन दूर गेली होती, पण परत आली. २००२ मध्ये दोघांनी पुन्हा लग्नाच्या शपथा घेतल्या. कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

कट्टर_वाचक

आता मूळ मुद्द्यावर. शेवट गोड हवा की नको? रोमान्स म्हटलं की वाचकाला आशादायक शेवट हवाच असतो, तो त्या प्रकाराचा करारच आहे. ग्लूक या संगीतकारानं १७६२ मध्ये ऑर्फियसच्या ग्रीक कथेचा ऑपेरा केला तेव्हा त्यानंही तेच केलं. मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणताना ऑर्फियस अट मोडून मागे वळून बघतो, ती युरिडिस पुन्हा मरते, तो गातो, आणि प्रेमदेवता येऊन तिला उठवते! मूळ पुराणकथेत असलं काही नाही. मग अंतरा, तुमच्या कादंबरीत शेवट काय ठेवलाय? 'माझ्या कादंबरीत' असं तुम्ही वर लिहिलंत ते आम्ही पाहिलंय.

अंतरा

पकडली गेले. हो, लिहितेय. दोन वर्षं झाली, एकशेऐंशी पानं. दुसऱ्याच्या पुस्तकावर एवढी चिडले कारण माझ्याही शेवटच्या प्रकरणात सभागृह आहे आणि लोक उभे राहतात. (गजवालीताई, मारू नका.)

माझी नायिका ख्याल गाते. नवरा गात नाही, पण तानपुरे त्यानं लावायचे हे ठरलेलं. तिला घाई असते, त्याला नसते. तो जातो. ती गाणं सोडते. मग तीन वर्षांनी सभागृह. पण आता ते सभागृह मला नको वाटायला लागलंय.

जवारी

इतके दिवस वाचनमात्र होतो. आमच्या घरी तंतुवाद्यं दुरुस्त करतात, म्हणून बोलतो. अंतराताई, तो गेल्यावर तानपुरा कुणी उतरवून ठेवला का?

अंतरा

म्हणजे? कोपऱ्यात गवसणी घालून उभा आहे.

जवारी

तानपुरा बरेच दिवस वापरायचा नसला की तारा उतरवून, म्हणजे सैल करून ठेवतात. भोपळ्यावर आणि तबलीवर ताण राहू नये म्हणून. तुमच्याकडे हे काम ज्याचं होतं तोच राहिला नाही. म्हणजे तारा त्यानं शेवटच्या लावल्या तशाच असणार. तीन वर्षांत आपोआप उतरतील, बेसूर होतील, पण पहिली तार कशाला लावली होती ते ओळखू येईल. पंचमाला लावलेली तार आणि निषादाला लावलेली तार यांत चांगलंच अंतर असतं, कितीही उतरली तरी जोडीच्या तारांशी ताडून पाहिलं की गाणाऱ्या बाईच्या कानाला ते कळणार.

म्हणजे तिला कळेल की त्यानं शेवटचा तानपुरा कुठल्या रागासाठी लावला होता.

मंद्रसप्तक

जवारीभाऊ!! पहिली तार निषादाला, म्हणजे पंचम वर्ज्य. म्हणजे मारवा असू शकतो!

गजवाली

माझ्या अंगावर काटा आलाय आणि मी बसमध्ये आहे.

वाचनवेडा

आणि तो राग पान ४० वर एकदा येऊन गेलेला हवा. सहज. भांडणाच्या वेळी वगैरे. 'आज मारवा नको, मला उदास वाटतं' असं ती म्हणते आणि त्याला तार पुन्हा पंचमाला चढवायला... की उतरवायला लागते?

जवारी

मंद्र पंचम निषादाच्या खाली. म्हणजे उतरवायला.

अंतरा

थांबा, थांबा, लिहून घेतेय. जवारीदादा, तार छेडल्यावर आवाज कसा येईल? मी 'सूर काळजाला भिडले' लिहिणार नाही, शप्पथ.

जवारी

भिडणार नाहीच. खडखडेल. घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा असतो, साधा सुती दोरा, तो जागच्या जागी सरकवला की आवाज उघडतो आणि तार गुंजायला लागते. तीन वर्षांत तो दोरा एक तर सरकला असेल नाहीतर गळून पडला असेल. आधी धूळ पुसावी लागेल. खुंटी फिरवताना कर्रर्र वाजेल. खर्जाची पितळी तार काळपट पडली असेल. दोरा नखानं केसभर पुढे, केसभर मागे करत बसायचं, त्याला घाई चालत नाही. गिऱ्हाइकं समोर बसून चुळबुळ करतात तेव्हा बाबा म्हणतात, हिला घाई कळते बरं का, लगेच तोंड मिटते.

काळी_चार

'तिला घाई असते, त्याला नसते.' अंतरा, तुझं शेवटचं प्रकरण तयार आहे गं. सभागृह रद्द कर.

कट्टर_वाचक

विरोध! तिनं गायला हवं. तानपुरा लावून दिवा मालवून झोपली, असला शेवट केलात तर मी पुस्तक भिंतीवर फेकेन. करार म्हणजे करार.

मंद्रसप्तक

गाऊ दे की. पण काय गाणार, इथे खरा पेच आहे. त्यानं निषादाला लावून ठेवलेली तार तशीच सुरात आणून मारवा गायचा, की तार उतरवून पंचमाला लावायची आणि दुसरं काही गायचं? पहिल्यात त्याचं ऐकणं झालं. दुसऱ्यात त्यानं ठेवलेली शेवटची खूण तिच्याच हातानं पुसली जाणार.

गजवाली

मारवाच.

काळी_चार

पंचम. माझं मत क्लाराच्या बाजूनं, उद्याही गायचंय तिला.

पानगळ

दोन्ही नको वाटतं. एक दिवस तशीच राहू दे. दुसऱ्या दिवशी उठल्यावर तिला काय वाटतं ते बघ. मी तरी तसंच केलं असतं.

अंतरा

पानगळताई, आज रात्री एवढंच लिहिते. ती गवसणी काढते, धूळ पुसते, पहिली तार छेडते, आणि तार खडखडते. बाकी उद्या.

सूरहीन

मला निषाद आणि पंचम यांतला फरक वाचून कळणार नाही, ऐकूनही काही वाटणार नाही. पण ती खुंटीवर हात ठेवते आणि फिरवत नाही, एवढं नीट लिहाल ना? तिथवर मी वाचत येईन.

टिवल्याबावल्या

म्हणजे भरतकामाची प्रस्तावना वाया गेली म्हणायची.

अंतरा

नाही हो. गवसणीवर टाके घालते ना ती. पान १२.